खड्डे शोधणाऱ्या ॲपचा तो फॉरवर्ड अर्धवट आहे

ग्रुपवर सकाळपासून फिरतंय की अमेरिकेत बोस्टनला एक ॲप शहरातले सगळे खड्डे आपोआप शोधतं, माणूस लागतच नाही. थोडं थांबा. ॲप खरं आहे, नाव स्ट्रीट बंप, २०१२ च्या सुमाराचं. मोबाईल गाडीत ठेवायचा, दणका बसला की फोनमधला सेन्सर तो टिपतो आणि जीपीएसवरून जागा कळते. इथपर्यंत मस्तच.

पण "सगळे खड्डे" हे काही खरं नाही. दणका नोंदवायला गाडी हवी, स्मार्टफोन हवा आणि ॲप चालू करायची आठवण हवी (ती कोणाला राहते म्हणा). म्हणजे गरीब वस्तीतला किंवा म्हाताऱ्या माणसांच्या गल्लीतला खड्डा नकाशावर कमीच दिसणार, आणि नकाशावर नाही म्हणजे रस्ता चांगला असा अर्थ निघणार. हा धोका तिथल्या पालिकेच्या लोकांनाही माहीत होता, म्हणून त्यांनी ॲप आधी स्वतःच्या रस्ते तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिलं, म्हणजे माणूस लागलाच की! शिवाय बरेच दणके खड्ड्यांचे नव्हतेच, रस्त्यात खचलेल्या मॅनहोलच्या झाकणांचे निघाले. फोनला दणका कळतो, कशाचा ते नाही.