२५२०: त्या ‘विचित्र संख्ये’च्या फॉरवर्डबद्दल

२२ डिसेंबर, म्हणजे गणितज्ञ रामानुजन यांचा जन्मदिवस, आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. २५२० ही म्हणे ‘विचित्र संख्या’. १ ते १० पैकी कशानेही निःशेष भाग जाणारी एकमेव! तिचं रहस्य भारतीय कालगणनेत, म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने यात दडलंय, आणि शोध रामानुजन यांचा. यंदा घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. तिसऱ्यांदा काकांनी टाकला, तेव्हा राहवलं नाही.

भाग जातो, हे खरं. पण ‘एकमेव’ कसली? ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२० च्या पाढ्यातली कुठलीही संख्या चालते. २५२० त्यातली सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला आपला लसावि. ८ घेतला की २ आणि ४ आलेच, ९ मध्ये ३ आला, उरले ५ आणि ७. ६ आणि १० यांतूनच जमतात. ७२ × ३५ = २५२०, झालं. १ ते २० साठी हवी असेल तर २३,२७,९२,५६० घ्या.

लसावि काढायची रीत ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवली. त्याच्याही आधी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आदर्श नगरासाठी ५०४० हा आकडा सुचवला, तो १ ते १० सगळ्यांनी भाग जातो म्हणूनच. वाटण्या करायला सोयीचा.

कालगणनेचं म्हणाल तर ७, ३० आणि १२ चा लसावि ४२० येतो. त्याला ना ८ ने भाग जातो, ना ९ ने. नुसता गुणाकार केला की ३० मधला एक २ आणि १२ मधले दोन मिळून ८ तयार होतो, दोन्हीकडच्या ३ चे ९ होतात. निव्वळ योगायोग. शिवाय चांद्र वर्षात तिथी ३६० असल्या तरी दिवस साधारण ३५४च भरतात. उगाच का अधिक महिना घालावा लागतो?

वाईट वाटतं ते रामानुजनबद्दल. २५२० त्यांच्या कामात आहे, पण वेगळ्या कारणाने. १९१५ च्या निबंधात त्यांनी अशा संख्या शोधल्या, ज्यांचे विभाजक त्यांच्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त आहेत. २५२० चे ४८ विभाजक आहेत. तिच्या आधीची अशी संख्या १६८०, तिचे ४०. याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजची पदवी मिळाली. त्यांची यादी थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, विभाजक १०,०८०. संगणक नसताना!

तरी एक संख्या सुटलीच. यादीतल्या त्या शेवटच्या आकड्याला २३ ने भागा: २,९३,३१,८६,२५,६००. हीच ती.