मोबाइल चार्ज होतोय, म्हणजे केबल चांगली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मोबाइल कॉम्प्युटरला जोडला जात नसेल तर काय काय बघायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. दोन ओळींत उत्तर दिलं तर तुम्हालाही ते टाळल्यासारखं वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी: यांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांचे मोबाइल पीसीला लावावे लागतात. त्यांचं म्हणणं असं, की केबल बघा, पोर्ट बदला, मोबाइलचं सेटिंग बघा हे सगळं घरी बसून लिहायला ठीक आहे, काउंटरवर माणसं उभी असताना जमत नाही. मोबाइल चार्ज होतोय म्हणजे केबल चांगलीच असते. त्यांच्याकडे परवा एक फोन लागत नव्हता, ड्रायव्हर (जोडलेल्या वस्तूशी कसं बोलायचं ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्राम) टाकला, पीसी रीस्टार्ट केला, चालू झाला. मग 'ड्रायव्हर टाका' एवढं एका ओळीत का नाही सांगितलं? आणि शेवटी, व्हॉट्सॲप असताना केबल हवीच कशाला?

आधी चार्जिंगचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

एखादी खराब झालेली साधी यूएसबी केबल ब्लेडने सोलून बघा. आत चार बारीक वायरी दिसतील. लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी डेटाची. (स्वस्त मालात रंग पाळलेले असतीलच असं नाही.) चार्जिंगला लाल-काळी पुरते. हिरवी-पांढरी तुटली असेल तरी मोबाइलवर चार्जिंगचं चिन्ह येतं, टक्के वाढतात, सगळं छान चाललंय असं दिसतं. आणि कित्येक केबलमध्ये त्या दोन वायरी मुळातच नसतात. पॉवर बँकेबरोबर येणारी वीतभर लांबीची केबल, रस्त्यावर ढिगाने मिळणारी केबल, यात हा प्रकार सर्रास असतो. फुकट आलेली केबल आपण जपून ठेवतो आणि नेमकी तीच दुकानाच्या पीसीला लागलेली असते.

आता ड्रायव्हर. मोबाइल लावला की तो हिरव्या वायरवर साधारण ३.३ व्होल्ट चढवतो. पीसीसाठी तीच हाक, की कोणीतरी आलंय. मग पीसी विचारतो, तू कोण? मोबाइल आपला कंपनी क्रमांक आणि मॉडेल क्रमांक सांगतो. ते क्रमांक हातात पडल्यावरच विंडोज ठरवतं की याला कुठला ड्रायव्हर द्यायचा. म्हणजे ड्रायव्हरची पाळी येते ओळखपाळख झाल्यानंतर. वायरच तुटलेली असेल तर पीसीच्या लेखी मोबाइल आलेलाच नाही, आणि न आलेल्या पाहुण्यासाठी ताट वाढून उपयोग काय? माझ्या लेखात केबल आधी आणि ड्रायव्हर शेवटी होता तो एवढ्याचसाठी.

हे तपासायला वेळ लागतो, ही तुमची मुख्य तक्रार. पण यात वेळ जाण्यासारखं काहीच नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे पीसीला काय काय जोडलंय त्याची यादी, उघडा (स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की मेनूत आहे) आणि तो समोर ठेवून मोबाइल लावा. यादी क्षणभर लुकलुकते का ते बघा. स्पीकर चालू असेल तर तो 'टडिंग' आवाजही येईल. यादी ढिम्म, आवाज नाही, पण मोबाइलवर चार्जिंग चालू, असं असेल तर केबल बदला, दुसरं काही करू नका. यादी लुकलुकली आणि खाली 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आलं, कंसात 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', तर मोबाइलची हाक पोचली पण पुढचं बोलणं झालं नाही. दोन डेटा वायरींपैकी एक तुटली असली किंवा पिन सैल असली तर असं होतं. इथेही आधी केबल आणि पोर्टच. यादीत मोबाइलचं नाव किंवा 'एमटीपी' (मोबाइल आणि पीसीची फाइली देण्याघेण्याची पद्धत) आलंय आणि त्यावर पिवळं चिन्ह आहे, तेव्हा मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर: ड्रायव्हरच. त्यावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग कॉम्प्युटरवरच्या यादीतून स्वतः निवडायचं आणि 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस' घ्यायचा. तो विंडोजमध्ये असतोच. त्यासाठी गुगलवर 'ड्रायव्हर पॅक' शोधून सेटअप चालवू नका. त्यातले बरेचसे ड्रायव्हरच्या नावाखाली नको ते सॉफ्टवेअर पीसीत घालतात, आणि तुमच्या पीसीवर लोकांचे आधार-पॅन उघडलेले असतात.

तुमच्या परवाच्या फोनबद्दल. तुम्ही ड्रायव्हर टाकलात, पीसी रीस्टार्ट केलात, आणि त्यासाठी मोबाइल काढून परत लावलात. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन चालू झाला तो यातल्या कशाने? नुसत्या रीस्टार्टने यूएसबीच्या निम्म्या तक्रारी जातात असा माझा अनुभव आहे. काढून परत लावताना पिन नीट बसल्यानेही काम होतं. टाइप-सीच्या भोकात खिशातला कापसासारखा केर दाबून बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही आणि जरा तिरकी लागली तरच चालते. मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढला की सुटतो. सुई घालू नका, आतली पट्टी गेली तर मोबाइलच जाईल. तुम्हीच लिहिलंय की त्याच गिऱ्हाइकाचा तोच फोन त्याच्या घरच्या लॅपटॉपला व्यवस्थित लागतो. म्हणजे फोन ठीक आहे, केबल आणि पीसी तुमच्याकडचे. माझा संशय अजूनही केबलवरच आहे, नाहीतर सीपीयूच्या पुढच्या पोर्टवर. पुढचे पोर्ट आतून एका लांब वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि दुकानात दिवसभर घाल-काढ करून ते सैल होतात. मागचे मदरबोर्डलाच बसवलेले असतात. मागून एक बऱ्यापैकी एक्स्टेंशन काउंटरवर आणून ठेवा आणि गिऱ्हाइकांसाठी तेवढंच वापरा.

केबलही तशाच ठेवा. मायक्रो, टाइप-सी आणि जुन्या आयफोनची, प्रत्येकी एक, खात्रीची, टोकाला लाल टेप गुंडाळून. टेपवाल्या केबलने कोणी मोबाइल चार्ज करायचा नाही, पोरांनाही सांगून ठेवायचं. मग काउंटरवर केबल तपासत बसायची वेळच येत नाही.

मोबाइलकडची बाजू तुम्ही 'सेटिंगचं नाटक' म्हणून झटकलीत, पण दुकानात जास्त घोळ तिथेच होत असणार. 'धिस पीसी'मध्ये फोनचं नाव येतं, उघडलं तर आत काही नाही. अँड्रॉइड ६ (२०१५) पासून फोन लावला की तो आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो. वरून नोटिफिकेशन ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, आणि तेव्हा स्क्रीन अनलॉक हवा. गिऱ्हाईक फोन लॉक करून तुमच्या हातात देतं आणि स्वतः बाहेर चहाला जातं, तिथे तुमचा ड्रायव्हर काय करणार? हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर कोणीही कोणाचाही फोन चार्जिंगला लावून फोटो काढून घेतले असते.

पूर्वी बरं होतं, फोन सरळ पेनड्राइव्हसारखा दिसायचा, असंही तुम्ही लिहिलंय. दिसायचा खरा. अँड्रॉइड २ च्या काळात 'टर्न ऑन यूएसबी स्टोरेज' दाबलं की मेमरी कार्ड पीसीच्या ताब्यात जायचं, पण तेवढा वेळ फोनला स्वतःलाच ते दिसायचं नाही. गॅलरी रिकामी, कार्डावर टाकलेली ॲप बंद. एकाच कार्डावर दोघांनी एका वेळी लिहिलं तर त्याची वाट लागते, म्हणून तसं करावं लागायचं. २०११ च्या अँड्रॉइड ३ पासून एमटीपी आलं. आता पीसी फाइल मागतो आणि फोन ती काढून देतो. पेनड्राइव्हला मिळतं तसं ड्राइव्ह लेटर (ई, एफ वगैरे) फोनला मिळत नाही, म्हणूनच तुमच्या पेजमेकरमधून थेट फोनमधली फाइल उघडता येत नाही आणि फोनमधूनच उघडलेल्या वर्ड फाइलमध्ये केलेला बदल परत फोनमध्ये जात नाही. आधी डेस्कटॉपवर कॉपी, मग काम. यात एक फायदा मात्र आहे. पेनड्राइव्हच्या जिवावर दुकानोदुकानी फिरणारा तो शॉर्टकट व्हायरस ड्राइव्ह लेटर शोधत असतो, त्यामुळे एमटीपीवाल्या फोनवर तो सहसा चढत नाही.

आणखी एक, रोज लागणारं. 'व्हॉट्सॲपची पीडीएफ फोनमध्ये सापडतच नाही' ही तक्रार तुमच्याकडेही येत असेल. अँड्रॉइड ११ नंतर व्हॉट्सॲपचं फोल्डर हललंय. 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सॲप', त्यात 'व्हॉट्सॲप', मग परत 'मीडिया' आणि शेवटी 'व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स'. लांबचा रस्ता आहे, पण एकदा हाताला सवय झाली की झालं.

आयफोनचं वेगळं. तिथे 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर'ला होकार देऊन पासकोड टाकल्याशिवाय काही दिसत नाही, आणि दिसले तरी फक्त फोटो-व्हिडिओ. पीडीएफसाठी केबलचा नाद सोडा, ईमेलच करायला सांगा. फोटो कॉपी करताना अर्ध्यात 'अ डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टिम इज नॉट फंक्शनिंग' आलं तर केबलला दोष देऊ नका. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो आणि पीसीला देताना त्यांचं जेपीजी करत बसतो, तिथे ते अडकतं. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोटोज'च्या तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'ऑटोमॅटिक' काढून 'कीप ओरिजिनल्स' करा. मग फाइली एचईआयसीच येतील, त्या उघडायची सोय तुमच्या पीसीत हवी.

व्हॉट्सॲपबद्दल थोडंच बोलतो. एका पानाच्या पीडीएफसाठी व्हॉट्सॲप उत्तम, मीही तेच करतो. पण पासपोर्ट फोटो किंवा लग्नाचा बॅनर करायचा असेल तर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होऊन येतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावा लागतो आणि ते दहांतल्या आठांना माहीत नसतं. शिवाय दुकानाच्या व्हॉट्सॲपवर अख्ख्या गावाची आधार कार्डं साठत जातात. ती कधी आणि कोण पुसतं?

बाकी एक शक्यता लेखात एका ओळीत आटोपली होती, ती तुमच्या कामाची आहे. जुन्या बाजारातून घेतलेला पीसी असेल आणि एकही अँड्रॉइड फोन लागत नसेल, तर 'सेटिंग्ज'मधल्या 'अबाउट'मध्ये विंडोजच्या नावापुढे 'एन' आहे का बघा. युरोपियन कमिशनच्या २००४ च्या आदेशामुळे मायक्रोसॉफ्टला मीडिया प्लेअर नसलेली ही आवृत्ती काढावी लागली. त्याबरोबर एमटीपीही गेलं. 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'मीडिया फीचर पॅक' टाकला की काम होतं, फुकट आहे.

तो फोन पुन्हा आला आणि पुन्हा अडला, तर एकच करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर डबल क्लिक, 'डीटेल्स', आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. तिथे 'व्हीआयडी'च्या (म्हणजे वर सांगितलेल्या कंपनी क्रमांकाच्या) पुढे चार शून्यं असतील तर मला विचारूही नका, लाल टेपवाली केबल लावा. दुसरा काही आकडा असेल तर तो इथेच खाली टाका, मोबाइलच्या मॉडेलसकट, पुढचं बघून सांगतो.