वर्दी, चाबूक आणि जेलरोडचा कट्टा

टपाल तिकिटावरून एवढा वाद पेटेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आमच्या जेलरोडच्या कट्ट्यावर काका सगळ्यांत ज्येष्ठ, तिकिटं छापणाऱ्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झालेले. निल्यानं मोबाइलवर फिनलंडची तिकिटं दाखवली तेव्हा त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि पहिला प्रश्न टाकला, "मागं गोंद, का नुसतं सोलून चिकटवायचं?" चित्रात काय चाललंय ते सावकाश ध्यानात आलं. "अरे, हे टपाल खात्यानं छापलं?"

"२०१४ साली, उघड उघड," निल्या म्हणाला.

चित्रं टौको लाक्सोनेनची. 'टॉम ऑफ फिनलंड' या नावानं जग त्याला ओळखतं. जन्म १९२०, मृत्यू १९९१. दिवसा जाहिरातींचं काम करायचा आणि घरी बसून पेन्सिलीनं रांगडे गडी काढायचा. पोलीस, खलाशी, लाकूडतोडे, चामड्याच्या जाकिटातले मोटरसायकलवाले, आणि सगळे एकमेकांवर भाळलेले. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या एका शरीरसौष्ठवाच्या मासिकानं ती छापली, तेव्हा फिनलंडमध्ये असं प्रेम गुन्हा होतं. तो कायदा गेला १९७१ ला.

मास्तर ड्रॉइंग शिकवतात, त्यामुळे त्यांचं सुरू झालं. "विषय ठेवा बाजूला. हा बूट बघा. चामड्याची चकाकी रंगानं नाही आणली, तेवढा कागद कोरा सोडलाय. भोवती शिसं इतकं घोटलंय की काळं चामडं ओलं वाटतं."

"मास्तर, विषय बाजूला ठेवून कसं चालेल?" वकीलताई म्हणाल्या. "बूट आहे, टोपी आहे, हातात दंडुका आहे. ज्यांना वर्दीनं आयुष्यभर पळवलं, त्यांनीच वर्दीची आरती ओवाळायची? आपल्याकडं असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं, तेव्हा कोर्टात केस क्वचित उभी राहायची. पण कलमाची नुसती भीती घालून पैसे उकळणं सर्रास चालायचं. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले, तोवर खाकी ही काही गंमत नव्हती."

निल्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती. कट्ट्याला त्याचं सगळं ठाऊक आहे. "म्हणूनच ना ताई. ज्या टोपीला घाबरून रस्ता बदलायचा, ती टोपी एकदा आपल्या हातात घेऊन बघावीशी वाटते. आणि याच्या चित्रांत कायम एकच वरचढ नसतो. पहिल्या पानावर बांधणारा पोलीस तिसऱ्या पानावर स्वतः बांधलेला असतो, वर हसतोय!"

ते खरंय. टॉमच्या चित्रांत दुखतं असं फारसं वाटतच नाही. सगळे खुशीत. सत्ता तिथं चेंडूसारखी या हातातून त्या हातात जाते.

पण ताई वकील आहेत, एवढ्यावर सोडतात होय! "आणि जर्मन वर्दी?" त्यांनी विचारलं. इथे मात्र निल्या अडकला. दुसऱ्या महायुद्धात फिनलंड रशियाविरुद्ध जर्मनीच्या जोडीनं लढत होतं. लाक्सोनेन स्वतः विमानविरोधी तोफखान्यात अधिकारी होता, हेलसिंकीत जर्मन सैनिक वावरत होते. ते गणवेश त्याच्या डोळ्यांत भरले आणि पुढे कागदावर उतरले. नाझी विचारांचा आपल्याला तिटकारा आहे, पण गणवेश मात्र देखणे होते, असं त्यानं नंतर सांगितलं. ताई म्हणाल्या, "त्याच नाझींनी १९३५ मध्ये कलम १७५, म्हणजे जर्मनीतलं ३७७, आणखी कडक केलं. निल्या, तुझ्यासारख्यांना छळछावणीत डांबून छातीवर गुलाबी त्रिकोण लावला. मारणाऱ्याच्या कोटाची शिलाई चांगली होती, हे काय उत्तर झालं?" या मुद्द्यावर निल्या काही बोलला नाही, आणि माझ्याकडेही त्याला उत्तर नाही.

काकांनी गाडी भलतीकडे वळवली. "दुखणं अंगावर घेणारे आपल्याकडं काय कमी आहेत? मरीआईचा पोतराज बघ. आसूड कसा कडाडतो, स्वतःच्याच उघड्या अंगावर."

"काका, त्याला कुणी विचारलं होतं?" ताई. "नवसाला सोडलेलं पोर ते. पुढं त्या आसुडावर पोट."

"हाच तर फरक," निल्याला पुन्हा जोर आला. "आमच्या बांधण्या-मारण्याच्या खेळात आधी बोलून ठरतं. पुरे म्हटलं की हात थांबला पाहिजे."

मास्तर म्हणाले, "ठरलेलं चित्रात दिसतं कुठं?" मला वाटतं, अख्ख्या संध्याकाळीतला खरा प्रश्न हाच होता. मास्तरांनी जपानच्या गेंगोरो तागामेचं नाव काढलं. त्याच्या कामुक कॉमिकमध्ये दोर मांसात रुततो, माणूस रडतो, लाजेनं मोडतो. तिथं टॉमचं हसू नाही. आणि तोच माणूस २०१४ ते २०१७ या काळात एक बाप, त्याची लहान मुलगी आणि वारलेल्या भावाचा कॅनडाहून आलेला नवरा यांची साधी घरगुती गोष्ट काढतो. बंड्याला हे पटेना. "एकच माणूस दोन्ही कसं काय काढतो?" अरे, का नाही काढणार? रात्रीचं स्वप्न आणि सकाळचा चहा एकाच डोक्यात असतो.

मग अर्थातच मेपलथॉर्प आला. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर. १९७८ मध्ये त्यानं हातात चाबूक घेऊन स्वतःचाच फोटो काढला, थेट कॅमेऱ्याकडे बघत. १९८९ मध्ये तो एड्सनं गेला. पुढच्या वर्षी त्याच्या प्रदर्शनावरून सिनसिनाटीतल्या कलादालनावर आणि तिथल्या संचालकावर अश्लीलतेचा खटला भरला, ज्यूरीनं दोघांनाही निर्दोष सोडलं. ताईंना हा निकाल पूर्ण मान्य. पण त्यांचं बोट पुढे सरकलं, ते त्यानं काढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या नग्न फोटोंवर. "चाबूक स्वतःच्या हातात घेतला, ठीक. इथं कॅमेरा गोऱ्याच्या हातात आणि उघडं अंग काळ्याचं. अमेरिकेत या जोडीला इतिहास आहे." ग्लेन लायगन या कृष्णवर्णीय, स्वतः समलिंगी कलाकारानं नव्वदीच्या सुरुवातीला तेच फोटो भिंतीवर मांडले आणि मधल्या जागेत नाना लोकांची मतं छापून लावली, कौतुकाची आणि संतापाचीही. फोटो काढून टाकले नाहीत. मला ही रीत कुठल्याही बंदीपेक्षा तिखट वाटते.

"म्हणजे फोटोला एक न्याय आणि चित्राला दुसरा?" मास्तर.

"अर्थात," ताई म्हणाल्या. "फोटोत खरा माणूस उभा असतो, त्याला विचारावं लागतं. कागदावरच्याला दुखत नाही. पण बघणाऱ्याला वर्दी आवडायला लागते, त्याचं काय?"

"मला आवडते ना ताई," निल्या म्हणाला. "म्हणून चौकातल्या हवालदाराला मी बिनपावतीचे पैसे देतो असं थोडंच आहे?"