उलो म्हणजे फ्रेंच चॅप्लिन नव्हे

फ्रेंच दिग्दर्शक-नट जाक तातीच्या सिनेमांतल्या म्स्यु उलोचा (हे पात्र तो स्वतःच करायचा) विषय निघाला की कुणीतरी "हां, तो फ्रेंच चॅप्लिन" म्हणतंच, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. चॅप्लिनच्या ट्रॅम्पला, म्हणजे त्याच्या त्या भटक्याला, आत यायचं असतं हो! भूक लागलेली असते, पोलीस मागे असतो, 'मॉडर्न टाइम्स'मधे (१९३६) तर मशीन त्याला अख्खा गिळतं. उलोचं तसलं काही नाही. आखूड पँट, तोंडात पाइप, पुढे झुकून चालणार, सगळ्यांना वाकून नमस्कार करणार. आपण बाहेरचे आहोत हे त्याच्या गावीच नसतं, आणि मला वाटतं तातीची मॉडर्न जगण्यावरची सगळी टीका इथूनच सुरू होते.

'मों ओंक्ल' (म्हणजे 'माझा मामा', १९५८) मधे उलो हा छोट्या जेरारचा मामा. बहिणीच्या मॉडर्न बंगल्याच्या अंगणात माशाचं कारंजं आहे, बेल वाजली की ती ते धावत जाऊन चालू करते आणि दारात नुसता भाऊच दिसला की बंद! आपल्याकडे शोकेसमधले कप पाहुणा बघून निघतात, अगदी तेच. ती बाई दुष्ट वगैरे नाही, उलट भावाचं भलं व्हावं म्हणून नवऱ्याच्या प्लॅस्टिक पाइपच्या फॅक्टरीत त्याला चिकटवायची धडपड चाललेली असते, आणि तिथे मामांच्या हातून पाइप सॉसेजसारखा फुगे फुगे होऊन बाहेर पडतो.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे ताती जुन्याच्या प्रेमात आहे, नवं काही त्याला चालत नाही. या सिनेमापुरता थोडा खराय तो. मामांची जुनी वस्ती जरा जास्तच गोड आहे, खिडकीच्या काचेवरून ऊन परावर्तित झालं की पक्षी गातो वगैरे, तिथे ताती लाडात आलाय.

पण 'प्लेटाइम' (१९६७) बघा ना! पॅरिसबाहेर काचेच्या इमारतींचं आख्खं शहर सेट म्हणून उभारलं, ७० एमएमच्या मोठ्या फिल्मवर शूट केलं, आणि ताती कर्जात बुडाला. आणि एवढा खर्च करून ह्या माणसाने आपल्या हुकमी एक्क्याला, म्हणजे उलोलाच, गर्दीत सोडून दिलंय. मधेच त्याच्यासारखे दिसणारे दुसरेच लोक फिरतात. आता एकटा उलो वेंधळा नाही, सगळेच आहेत.

त्यातलं नवीन रेस्टॉरंट माझं सगळ्यात आवडतं. उद्घाटनाच्याच रात्री काचेचं दार फुटतं, तर दरवान दाराची नुसती मूठ हवेत धरून गिऱ्हाइकांसाठी नसलेलं दार उघडत राहतो आणि लोक निमूट आत येतात. खुर्च्यांच्या पाठीवर मुकुटाचं डिझाइन आहे, त्याचा छाप बसणाऱ्यांच्या पाठीवर उमटतो. पुढे छताची सजावट खाली येते आणि एक अमेरिकन त्या पडझडीच्या कोपऱ्यात स्वतःचा खास क्लब काढतो, एंट्री कुणाला, तर ज्याच्या पाठीवर मुकुटाचा छाप आहे त्याला! आतले कोण बाहेरचे कोण हे ठरवायला माणसाला काहीही पुरतं, हे इतक्या कमी शब्दांत (जवळपास शून्यच) सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि गंमत म्हणजे हॉटेल मोडायला लागल्यावरच तिथे खरी मजा सुरू होते, नवीन बिल्डिंग तीच, काच तीच, फक्त रुबाब गळालेला. मग जुन्याचा हट्ट कुठे राहिला?

काही जण म्हणतात कुठे हसायचं तेच कळत नाही. बरोबर, कारण क्लोजअप जवळजवळ नाहीतच. त्यामुळे फोनवर बघू नका प्लीज, मागच्या टेबलावर काय चाललंय ते दिसणारच नाही आणि मग मला येऊन बोअर झालं म्हणाल.