खजुरीच्या टॉवरला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार काका,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. तुम्हाला आणि सोसायटीतल्या इतरांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, साधी दिलगिरीसुद्धा व्यक्त केली नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये मोबाईलचा टॉवर आहे. खांब टॉवर कंपनीचा. त्याच्यावर फायबरचं खोड आणि झावळ्या चढवून त्याची खजुरी आम्ही केली. काकांचं म्हणणं असं, की खजुरी दोन महिन्यांत टकली झाली, लांबूनसुद्धा खोटी कळते, सोसायटीचे पैसे पाण्यात गेले, आणि रेडिएशन लोकांपासून लपवायलाच हे सोंग केलंय. खाली 'मकरपुऱ्यातले भामटे' अशी पदवीही दिली आहे.

टकलीचं आधी बोलतो, कारण तेच सगळ्यात जास्त लागलं.

काम दिवाळीनंतर पूर्ण झालं. कमिटीने खाली उभं राहून झावळ्या मोजून घेतल्या, सही केली, फोटो काढले. ३१ डिसेंबरच्या रात्री तुमच्या सोसायटीत पार्टी झाली, तिचे फोटो सेक्रेटरींनी मला कौतुकाने पाठवले होते. त्यात मागे खजुरी भरगच्च दिसते, एक झावळी इकडची तिकडे नाही. मग मधल्या काळात झालं काय? काका, बडोद्यात राहणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं का? १४ आणि १५ जानेवारी. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचे दोन दिवस.

कॉमन प्लॉटच्या चारही बाजूंना गच्च्या, आणि मधे आमची खजुरी. कापलेला प्रत्येक पतंग येऊन तिच्यातच अडकणार, हे ठरलेलंच. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच मी कमिटीला लिहून दिलं होतं, की उत्तरायणाचे दोन दिवस मुलांना जरा आवरा, अडकलेले पतंग आमची माणसं नंतर उतरवून देतील. तो कागद सोसायटीच्या फाइलीत आहे. प्रत्यक्षात काय झालं ते तुमच्याच वॉचमनच्या मोबाईलमध्ये आहे. दोऱ्याला दगड बांधून लंगर टाकलेत, झावळीला अडकल्यावर पाच-सहा जण मिळून ओढताहेत, वरून स्पीकरवर गाणी, आणि झावळी तुटून खाली आली की टाळ्या. कोणत्या गच्चीवरून ते मी इथे लिहिणार नाही. मुलं आहेत, सणाचा दिवस आहे, आम्हीही लहानपणी दांडिया बाजारात हेच केलं. पण व्हिडिओत पाठमोरे उभे राहून "जोर लावा" म्हणणारे गृहस्थ काही लहान नाहीत, एवढंच.

आणि दोरा कोणता होता? सुती मांजा असता तर ओढल्यावर दोरा तुटला असता, झावळी वाचली असती. नायलॉनचा दोरा तुटत नाही, त्यामुळे जे अडकलेलं असतं ते तुटतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये हा दोरा देशभर बंद केला तो पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात म्हणून. आमच्या झावळ्यांसाठी कोणी बंदी घालणार नाही, ते कळतं मला.

'मग झावळ्या मजबूत करायच्या होत्या' असंही तुम्ही लिहिलंय. काका, शेंड्याच्या आत तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेल्या असतात. त्यांच्या समोर धातू आला की सिग्नल अडतो. त्यामुळे झावळीत लोखंडी सळई घालता येत नाही, तार घालता येत नाही, रंगातसुद्धा धातूची भुकटी चालत नाही. नुसते काचेचे धागे, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि वर जेलकोटचा गुळगुळीत थर. शिवाय झावळी लवली पाहिजे. वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा भाग ३, त्यात वडोदऱ्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. तेवढ्या झोतात झावळी ताठ राहिली तर सगळा भार खांबावर जातो. म्हणून ती देठाशी जाड आणि टोकाकडे पातळ असते, वारा आला की मुडपते आणि परत सरळ होते. वाऱ्यासाठी केलेली वस्तू आहे ती, रस्सीखेचीसाठी नव्हे.

विरळ दिसते, हे खरं आहे. पण आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात ७२ झावळ्या होत्या. कमिटीने घासाघीस करून ४८ वर आणल्या, कारण पैसे टॉवरच्या भाड्याच्या ॲडव्हान्समधून जाणार होते आणि त्यातूनच गेटही रंगवायचं होतं. गेट छान झालंय. एकेक झावळी साच्यातून काढायची, कडा घासायच्या, रंगाचे दोन हात द्यायचे, मग दोरावर लटकणाऱ्या माणसाने ती वर नेऊन बोल्ट आवळायचा. खर्च झावळीवर असतो, खोडावर नाही. चोवीस झावळ्या कमी केल्यावर आत राखाडी अँटेना दिसणार, हे मी मीटिंगमध्ये चित्र काढून दाखवलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वर कोण बघतंय?" आता तुम्हीच बघताय.

त्याच मीटिंगमध्ये तुम्ही वडाचं झाड सुचवलं होतंत, आणि ते केलं नाही याचा राग अभिप्रायात अजून दिसतो. वड मलाही आवडतो. पण टॉवरचा खांब एकच, सरळ आणि उंच. त्याला वड करायचा तर आडव्या फांद्या लांबवर न्याव्या लागतात, त्यांचं वजन वेगळं, वारा वेगळा, पाया वेगळा, आणि पारंब्यांना मुलं लोंबकळणार ती वेगळीच. सरळ खांबाला ताड, खजुरी, फार तर सुरूचं झाड शोभतं. आमच्या खोडाची साल नीट बघा कधी जवळून. पादरा गावाजवळ मामांच्या शेतातल्या खऱ्या खजुरीवरून साचा घेतलाय, जुन्या झावळ्या गळून पडलेल्या खुणा जशाच्या तशा आहेत. कावळ्याने शेंड्यात काड्या आणायला सुरुवात केली आहे. त्याला काही खोटं वाटलं नाही.

रंग उडालेला नाही. पलीकडच्या बांधकामाची धूळ बसली आहे. पाण्याचा एक फवारा मारून बघा. जनरेटरचा आवाज टॉवर कंपनीचा, आमचा त्याच्याशी संबंध नाही.

आता रेडिएशन. 'लपवायला' हा शब्द वाचून माझ्या वडिलांना रात्रभर झोप लागली नाही. फायबरने टॉवर नजरेआड होतो, लहरी नजरेआड होत नाहीत. फायबरमधून लहरी आरपार जातात म्हणून तर ते वापरायचं. अडल्या असत्या तर ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर तुमच्याच सोसायटीने नेटवर्कसाठी जी ओरड केली, तिला काही अर्थच उरला नसता. लहरींची मर्यादा सरकारने ठरवलेली आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. 'तरंग संचार' नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि फी भरून मोजणीही मागवता येते. काका, जरूर मागवा, मीही येईन उभा राहायला. खजुरी असो की उघडा खांब, आकडा तोच येणार.

आणि हे सोंग आम्ही शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत डेन्व्हरला १९९२ मध्ये पाइनच्या झाडाचा टॉवर उभा राहिला, तो केला ॲरिझोनातल्या लार्सन नावाच्या कंपनीने, जी त्याआधी संग्रहालयं आणि प्राणिसंग्रहालयांसाठी खोटे खडक आणि झाडं करायची. तिकडे वाळवंटात निवडुंगाचे टॉवर आहेत, इंग्लंडमध्ये चर्चच्या मनोऱ्यांत अँटेना आहेत. आमचे वडीलही आधी बागेतली बाकं आणि घसरगुंड्याच करत. त्यामुळे भामटेगिरी म्हणाल तर जगभर चालू आहे. टॉवर कुठे आहे ते तुमच्या जनरल मीटिंगमध्ये नकाशासकट सांगितलं होतं, नोटीस बोर्डवर महिनाभर लावलं होतं, खाली कुंपणावर पाटी आहे. झाकलंय ते रूप, जागा नाही. आता मीटिंगला कोण किती वाजता आलं त्यात मी पडत नाही.

तुटलेल्या झावळ्यांचं काय, तर पावसाळ्याआधी माणसं पाठवून बघून घेऊ. होतील तेवढ्या बदलू, पतंगाचे दोरेही काढू, आणि विरळ बाजूला काही भर घालता येईल का ते कमिटीशी बोलू. देखभालीचा वार्षिक करार कमिटीकडे सहीशिवाय पडून आहे, तो झाला तर सगळंच सोपं होईल. पुढच्या उत्तरायणाला आमचा एक माणूस दोन्ही दिवस तिथे बसवायचा विचार आहे, नक्की ठरलं की कळवतो.

स्टार एक ठेवायचा की वाढवायचा हे तुम्ही ठरवा, मी आग्रह करणार नाही. खजुरी आवडली नाही हेही राहू द्या. फक्त 'भामटे' तेवढं काढता आलं तर बघा. येत्या रविवारी कारेलीबागेतल्या एका सोसायटीत माझी मीटिंग आहे, आणि तिथल्या सेक्रेटरींनी काल रात्री मला तुमच्याच अभिप्रायाचा फोटो पाठवून खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय.