‘आम्हाला सांगता येत नाही’ हे उत्तर कोणी शिकवले?

न्यायालयाच्या प्रशिक्षण विभागात मी काम करते असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा न्यायाधीशांचा वर्ग उभा राहतो. तो माझ्या कामाचा एक भाग आहे आणि खरे सांगायचे तर त्यातल्या त्यात सोपा भाग आहे (सहकारी रागावतील, पण असो). न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी वेळ राखून ठेवलेला असतो आणि शिकवायलाही बहुतेक वेळा न्यायाधीशच येतात. आंतरराष्ट्रीय न्यायिक प्रशिक्षण संघटनेने नोव्हेंबर २०१७ मध्ये मनिला येथे जो जाहीरनामा स्वीकारला, त्यातही न्यायाधीशांचे प्रशिक्षण प्रामुख्याने न्यायसंस्थेतल्या प्रशिक्षित व्यक्तींनीच द्यावे असे तत्त्व आहे. न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य जपण्यासाठी ते आवश्यक आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. त्या वर्गात मी अभ्यासक्रम आखते, चर्चेसाठी प्रकरणे तयार करते आणि मागच्या रांगेत बसते. आज मात्र मला लिहायचे आहे ते खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी, कारण बहुसंख्य माणसांचा न्यायालयाशी पहिला संबंध न्यायाधीशांशी नव्हे, तर त्या खिडकीशी येतो.

कोणताही अभ्यासक्रम लिहिण्याआधी दोन-तीन दिवस त्या खिडकीच्या आतल्या बाजूला नुसते बसून राहायचे, अशी मी स्वतःला सवय लावून घेतली आहे. अशाच एका दिवशी एक बाई हातात आदेशाची प्रत घेऊन आल्या आणि त्यांनी विचारले, “या आदेशावर अपील करायला किती दिवसांची मुदत असते?” खिडकीवरचे कर्मचारी अनुभवी होते, स्वभावाने सौम्य होते. त्यांनी अगदी नम्रपणे सांगितले, “आम्हाला कायदेशीर सल्ला देता येत नाही. आपण वकिलांना विचारा.” बाईंना वकील नव्हता, तो असता तर त्या खिडकीवर आल्याच नसत्या. अपिलाची मुदत ही काही गुप्त गोष्ट नाही. ती कायद्यात छापलेली असते आणि कोणालाही वाचता येते.

त्या संध्याकाळी मी आमचीच प्रशिक्षण पुस्तिका उघडली. ‘पक्षकारांना कोणत्याही प्रकारचा कायदेशीर सल्ला देऊ नये’ हे वाक्य एकाच पानावर दोनदा, ठळक अक्षरांत छापलेले होते. काय सांगता येते, याविषयी पुस्तिकेत एक ओळही नव्हती. म्हणजे त्या कर्मचाऱ्यांनी काहीही चूक केली नव्हती, आम्ही शिकवले तेच उत्तर त्यांनी दिले होते.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत न्यायालयीन प्रशासनात काम केलेल्या जॉन ग्रेसेन यांनी १९९५ साली एका लेखात नेमके हेच विचारले होते, की कर्मचाऱ्यांनी सल्ला देऊ नये हे ठीक, पण सल्ला म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितले आहे का? पुढच्या काळात तिथल्या अनेक राज्यांच्या न्यायालयांनी माहिती आणि सल्ला यांतील फरक स्पष्ट करणाऱ्या लेखी सूचना तयार केल्या. माझ्या मते न्यायालयातल्या प्रशिक्षकाचे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी काम हेच आहे.

मी वर्गात हा फरक समजावताना क्रियापदाकडे लक्ष द्यायला सांगते. ‘अर्ज कसा करायचा?’ हा माहितीचा प्रश्न आहे आणि ‘अर्ज करू का?’ हा सल्ल्याचा. ‘शुल्क किती, कागद कोणते, पुढची तारीख कधी’ याची उत्तरे द्यायची. ‘मी जिंकेन का, तडजोड करू का’ याची द्यायची नाहीत. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मग कोणीतरी अर्जाचा नमुना पुढे करून विचारते, “या रकान्यात काय लिहू, असे पक्षकाराने विचारले तर?” तिथे खरा वर्ग सुरू होतो. रकान्यात कशाची माहिती मागितली आहे हे समजावणे आपले काम आहे, पण त्यात काय मांडायचे हे सुचवणे आपले नाही. आणि एकच रकाना वीस जणांनी वीस वेळा विचारला, तर तो नमुना बदलायला हवा, माणसांना प्रशिक्षण देऊन उपयोग नाही. ‘चुका होत आहेत, प्रशिक्षण घ्या’ अशी पत्रे आमच्याकडे नेहमी येतात. त्यांतल्या बऱ्याच चुकांवर शिकवणे हा उपायच नसतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पुस्तिकेत येत नाही आणि ती म्हणजे भीती. खिडकीवर जास्त बोलल्याबद्दल बोलणी खाल्लेले कर्मचारी मला प्रत्येक तुकडीत भेटतात, पण कमी बोलल्याबद्दल कोणाला जाब विचारल्याचे मी अजून ऐकलेले नाही. अशा ठिकाणी शहाणा माणूस गप्प बसायलाच शिकणार. म्हणून आता मी पर्यवेक्षकांना कर्मचाऱ्यांबरोबर त्याच वर्गात बसवते, त्यांना ते फारसे आवडत नसले तरी.

वर्ग संपला की प्रतिसादाचा कागद भरून घेण्याची रीत आहे. प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावर त्यांचे वागणे बदलले का आणि त्याचा परिणाम काय झाला. आपण बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतो आणि ‘सत्र उत्तम झाले’ या शेऱ्यावर समाधान मानतो. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते; तरीही वर्षातून एकदा दिवसभराचे शिबिर घेण्याचा आपला उत्साह कमी होत नाही. खिडकी बंद ठेवता येत नसल्यामुळे आम्ही आता निम्म्या-निम्म्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून अर्धा तास बोलावतो आणि मागच्या आठवड्यात खिडकीवर खरोखर विचारलेले प्रश्नच तेवढे चर्चेला घेतो.

एका न्यायाधीशांनी या सगळ्यावर रास्त आक्षेप घेतला. कर्मचारी एका पक्षाला मदत करत आहे असे दुसऱ्या पक्षाला वाटले, तर न्यायालयाच्या तटस्थतेचे काय? मी त्यांना आमची कसोटी सांगितली: जे या पक्षकाराला सांगतो, तेच त्याच्या विरुद्ध पक्षाला त्याच शब्दांत सांगू शकतो का? सांगू शकत नसू, तर कोणालाच सांगायचे नाही. पण गप्प राहिले की आपोआप तटस्थ राहता येते, हे मात्र मला पटत नाही. ज्याच्याकडे वकील आहे, त्याला खिडकीवरच्या मौनाने काहीच फरक पडत नाही. ते मौन सोसावे लागते ते फक्त दुसऱ्याला.

नवी पुस्तिका तयार झाल्यावर पहिल्या तुकडीत तेच खिडकीवरचे कर्मचारी होते. अपिलाच्या मुदतीचे उत्तर आता पुस्तिकेत होते आणि ते मी थोड्या अभिमानानेच वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे हात वर केला. “मॅडम, मुदत किती दिवसांची ते सांगतो. पण त्यांनी पुढे विचारले, की ‘म्हणजे माझा शेवटचा दिवस कोणता?’, तर? आदेशाच्या तारखेपासून मोजायचे की प्रत मिळाल्यापासून? मधले कोणते दिवस वगळायचे? मी तारीख सांगितली आणि ती चुकली, तर त्यांचे अपील जाईल.” वर्गात कोणीच बोलले नाही. मुदत सांगणे ही माहिती होती, तर तारीख काढून देणे हा त्यांच्या प्रकरणावरचा निर्णय होता, आणि तो प्रश्न ती मुदत ऐकल्याबरोबर पुढच्याच श्वासात येणार होता. मी तो लिहून घेतला आणि न्यायाधीशांच्या समितीकडे पाठवला. तूर्तास पुस्तिकेत त्या प्रश्नापुढची जागा कोरी आहे.