कॅमेरा बंद असतो तेव्हा : एका शिक्षिकेच्या प्रतिक्रियेला उत्तर (२०२१)

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. करोनामुळे शाळा बंद असताना घरून ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांचा उत्साह टिकवायचा असेल तर कॅमेऱ्याची सक्ती करू नये, या माझ्या लेखातील सूचनेवर आपण कडक शब्दांत लिहिले आहे. ऐरोलीच्या घरातून गेले दीड वर्ष आपण पंचेचाळीस काळ्या चौकोनांशी बोलत आहात. पालकच अशी सवलत देऊ लागले तर मुले अंथरुणात लोळत हजेरी लावतील, आणि त्यांच्या कुरकुरीकडे लक्ष दिले की ती वाढतेच, असे आपले म्हणणे आहे. यातला पहिला मुद्दा लेख लिहिताना माझ्या मनातही आला नव्हता. समोर एकही चेहरा नसताना रोज तास घेणाऱ्या व्यक्तीचे काय होत असेल, याचा विचार न करता मी केवळ पालक म्हणून लिहिले, ही चूक मला मान्य आहे.

दुसऱ्या मुद्द्यासाठी थोडे घरातले सांगावे लागेल. कळव्याजवळ खारेगावला आमचे दोन खोल्यांचे घर आहे आणि नववीतला मुलगा स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ करून बसतो. गेल्या वर्षी विज्ञानाच्या तासाला त्याची आजी ओल्या केसांना पंचा गुंडाळून मागून गेली, कोणीतरी नेमका तेवढाच स्क्रीनशॉट काढला आणि संध्याकाळपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजीचा स्टिकर फिरू लागला. आजींना त्याची गंमत वाटली, मुलाला वाटली नाही. तेव्हापासून त्याचा कॅमेरा बंद आहे.

आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी तीन दिवस मेथी निवडण्याच्या निमित्ताने त्याच्या मागे बसले. इतिहासाच्या तासाला लॅपटॉपवर बाई बोलत होत्या आणि चिरंजीव आजीच्या मोबाईलवर क्रिकेट खेळत होते, म्हणजे आपली शंका खरी ठरली. मात्र बीजगणिताच्या तासाला त्याच मुलाने मान वर केली नाही, कारण ते सर दर दहा मिनिटांनी एक उदाहरण घालतात आणि वहीच्या पानाचा फोटो मागवतात. कॅमेरा दोन्ही तासांना बंदच होता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. म्हणून मला वाटते की मुलाचे लक्ष आहे की नाही हे चेहऱ्यापेक्षा वहीत लवकर कळते. शिवाय आपल्याला काहीतरी जमले, हे मुलालाही तिथेच दिसते.

कुरकुरीबाबत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. आमची मोठी मुलगी यंदा, म्हणजे २०२१ मध्ये, दहावी झाली. २०२० मध्ये तिची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झाली नाही, २०२१ मध्ये मंडळाची परीक्षा रद्द झाली, निकालातले निम्मे गुण नववीवरून धरले गेले, आणि अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्टला होणारी सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. ‘मग मी अभ्यास कोणाला दाखवायला केला?’ असे तिने त्या संध्याकाळी विचारले, तेव्हा ‘अगं, जे होतं ते चांगल्यासाठीच’ असे मी बोलून गेले. पुढचा अर्धा तास न्हाणीघराचा नळ वाहत राहिला. आमच्या घरात आतून कडी लावता येईल असे तेवढेच एक दार आहे. ती बाहेर आल्यावर ‘तुझा राग बरोबर आहे’ एवढेच मी म्हणाले आणि ती जेवायला बसली. अकरावीचे पुस्तक तिने चार दिवसांनी उघडले, तेही आधी नुसत्या आकृत्या पाहण्यासाठी. त्याच सायंकाळी मी तिला गप्प केले असते, तर ते त्या दिवशीही उघडले गेले नसते, असा माझा अंदाज आहे.

आपल्या वर्गासाठी एक सुचवू का? हजेरीपुरती पहिली दोन मिनिटे सर्वांनी कॅमेरा लावावा, मग खुशाल बंद करावा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून त्या पानाचा फोटो पाठवावा. पंचेचाळीस पाने रोज तपासणे शक्य नाही हे मला समजते. कोणतीही पाच पाहिलीत तरी चालेल, फक्त कोणती ते आधी सांगू नये. मुलाला हे विचारले तेव्हा तो म्हणाला की दोन मिनिटे चालतील, पण पहिला तास सुरू होतो त्याच वेळी आजी न्हाऊन बाहेर येते. आजींशी बोलण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.